टाकीची चावी आपल्या हाती आली तेव्हा

झोपडी सोडून इमारतीत राहायला आलो, त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने कमिटीच्या हातात चाव्यांचा एक जुडगा ठेवला. गच्चीची चावी, मीटरच्या खोलीची, पंपाच्या खोलीची, आणि शिवाय दोन छोट्या कुलपांच्या चाव्या. त्या दोन कसल्या, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. घरात नळ होता, नळाला पाणी होते. पहाटे चारला उठून हंडे लावण्यात ज्यांची उमर गेली, त्या आमच्या आयाबहिणींना त्या दिवशी आणखी काय हवे होते?

त्या दोन चाव्या पाण्याच्या टाक्यांच्या होत्या. एक खालची, जमिनीतली. दुसरी गच्चीवरची. दोन वर्षे आम्ही ती कुलपे उघडलीच नाहीत.

तिसऱ्या पावसाळ्यात कावीळ आली. आधी चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा, मग त्याच्या शेजारचे दोघे, आणि पंधरा दिवसांत सहा घरांत नऊ जण. त्यात आठवा महिना लागलेली एक सून होती. दोन आठवडे ती रुग्णालयात राहिली. ती वाचली, बाळ दिवस भरण्याआधी आले आणि काचेच्या पेटीत राहून तेही वाचले. डॉक्टरांनी तिच्या सासूला विचारले, "पाणी कुठले पिता?" त्या म्हणाल्या, "पालिकेचे, नळाचे." डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "टाकी शेवटची कधी धुतली?" मावशींनी घरी येऊन तो प्रश्न जसाच्या तसा आम्हाला विचारला. कमिटीतल्या आम्हा पाच जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

पाण्यातून येणारी कावीळ दोन विषाणूंची असते, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. दोन्ही माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. बहुतेकांची कावीळ विश्रांतीने उतरते, पण ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर उतारा, माळ, झाडपाला यांत एक दिवसही घालवू नये, सरळ दवाखाना गाठावा. दुसरी गोष्ट अशी की ही कावीळ पाणी प्यायल्यावर लगेच दिसत नाही. दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही उगवते. आम्ही त्या आठवड्याचे पाणी ग्लासात धरून बघत होतो आणि "स्वच्छ तर आहे" म्हणत होतो. बिघडलेले पाणी महिन्याभरापूर्वीच पोटात गेले होते.

टाकीचे काम आम्हाला शिकवले ते एका पोहण्याच्या तलावाने. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगतो.

आमच्या झोपड्या होत्या त्याच जमिनीवर, भिंतीपलीकडे, विक्रीची उंच इमारत उभी आहे. तिथे पोडियमवर पोहण्याचा तलाव आहे, तोही मिठाच्या पाण्याचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा तिथे कामाला आहे. सगळे त्याला पूलवाला म्हणतात. तिथल्या रहिवाशांच्या ताब्यात तलाव नवीनच आला होता आणि तेही आमच्याइतकेच अडाणी होते, हे त्याच्याकडून ऐकून आम्हाला, खरे सांगायचे तर, थोडे बरे वाटले.

त्यांचा समज असा की मिठाचे पाणी म्हणजे क्लोरीन नको, औषध नको, मीठच सगळे मारते. तसे नसते. त्या तलावात लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम मीठ असते. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम असते, म्हणजे तलावाचे पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्शाइतकेच खारट. एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत. ते पाणी पंपाने एका छोट्या यंत्रातून फिरवतात. यंत्रात धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज जाते आणि मिठातला क्लोरीन मोकळा होतो. जंतू मारतो तो हा क्लोरीन. काम झाले की त्याचे पुन्हा मीठ होते आणि ते पुन्हा यंत्रात येते. म्हणजे मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव. डब्यातून ओतायच्या ऐवजी क्लोरीन जागेवर तयार होतो, इतकाच फरक.

पहिल्याच मे महिन्यात तो तलाव हिरवागार झाला. वीजबिल वाचवायला पंप दिवसातून दोनच तास चालवत होते. वर ऊन, सुट्ट्या लागल्यामुळे पोरांची गर्दी, आणि यंत्राच्या पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर. क्लोरीन तयार होत होता कमी आणि संपत होता जास्त. पाणी हिरवे दिसल्यावर त्यांनी काय केले असेल? मिठाच्या आणखी गोणी ओतल्या. मीठ वाढले आणि यंत्राने काम करणेच थांबवले.

मग तलाव बांधणाऱ्यांचा एक जाणता माणूस आला. त्याने पूलवाल्याच्या हातात थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या. एका थेंबाने क्लोरीन कळतो, दुसऱ्याने पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आंबट बाजूला आहे की खारट-तुरट बाजूला. तो सांगून गेला की क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम हवा आणि पीएच ७.२ ते ७.६. मिठाच्या यंत्राने पीएच आपोआप वर चढतो आणि तो चढला की असलेला क्लोरीनही मंद पडतो. म्हणून थोडे थोडे आम्ल घालून तो खाली आणावा लागतो. आमचा पूलवाला हे आता पाठ केल्यासारखे सांगतो. पण त्याने जे स्वतःच्या शब्दांत सांगितले, ते आम्हाला जास्त पटले: "क्लोरीन आपल्या पगारासारखा आहे, काका. हातात आला की खर्च सुरू. ऊन खाते, घाम खातो, पाने खातात, मळ खातो. सगळ्यांचे देऊन शेवटी जो उरतो, तोच आपला." उरलेल्या क्लोरीनला पाण्याच्या खात्यात मुक्त क्लोरीन म्हणतात. मोजायचा तो हा. तलावाला जो उग्र वास येतो, तोदेखील क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. बहुधा तो घामाशी आणि लघवीशी जोडला जाऊन वाया गेलेल्या क्लोरीनचा असतो.

हे सगळे तो आम्हाला गच्चीवर, कावीळ चालू असताना सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "तलावाचे आकडे मी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो." आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. भिंतीपलीकडे पोहायच्या पाण्याची दिवसातून दोनदा नोंद होत होती. भिंतीच्या अलीकडे पिण्याच्या पाण्याची दोन वर्षांत एकदाही झाली नव्हती. यात त्या लोकांचा दोष नाही. टाकी आमची होती. मुंबईत मीटरपर्यंतची जबाबदारी पालिकेची, मीटरच्या पुढचे नळ, पंप आणि टाक्या सोसायटीच्या. हेही आम्हाला तेव्हाच कळले.

दुसऱ्या दिवशी कुलपे उघडली. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा कोपरा तुटलेला होता, आत शेवाळ होते आणि पाण्यावर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नव्हती. खालच्या टाकीचे झाकण जमिनीशी सपाट होते आणि तिथून चार पावलांवर गटाराचा चेंबर. जोराचा पाऊस आला की तो चेंबर भरून वाहतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते. ते पाणी वाहत कुठे जाते, याचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता. टाकीच्या आतल्या भिंतीवर एका जागी ओल्या मातीचा ओघळ दिसत होता. नऊ जणांची कावीळ कुठून आली, हे सांगायला मग डॉक्टरांची गरज उरली नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल इतकी महत्त्वाची आहे. झाकण उघडल्याबरोबर आमच्यातला एक जण पँट वर दुमडून खाली उतरायला निघाला. पूलवाल्याने त्याला दंडाला धरून मागे खेचले. बंद टाकीत हवा असते, पण त्या हवेत प्राणवायू असेलच असे नाही. गाळ कुजतो, लोखंडाची शिडी गंजते, आणि दोन्ही प्राणवायू खातात. असे वातावरण दिसत नाही, त्याला वास येईलच असेही नाही. उतरणारा माणूस ओरडायच्या आतच कोसळतो. मग त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तो कोसळतो, मग तिसरा. गटारात आणि टाक्यांत आपली माणसे अशीच एकामागून एक गेली आहेत. परक्याच्या गटारात उतरू नका म्हणून आपण लढतो, तेव्हा स्वतःच्या टाकीत तरी भान ठेवून उतरले पाहिजे.

आम्ही ते काम शेवटी टाक्या साफ करणाऱ्यांना दिले, पण समोर उभे राहून करून घेतले. सगळी झाकणे आदल्या रात्रीपासून उघडी आणि त्याभोवती आडोसा, म्हणजे पोर पडायला नको. आधी पाणी उपसून काढले. उपसायला विजेचा पंप, आणि वायर, खटका तपासलेले. डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याच्या धुरानेही माणूस मरतो. मग मोठ्या पंख्याने बाहेरची हवा आत सोडली आणि काम संपेपर्यंत पंखा बंद केला नाही. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि पट्ट्याला दोर, दोराचे टोक वर दोन माणसांच्या हातात, आणि त्या दोघांनी जागा सोडायची नाही. आतल्याचे बोलणे थांबले की वरून ओढायचे, मागे कोणी उडी मारायची नाही. साफसफाईवाल्याकडे पट्टा-दोर नसेल, तर तो कितीही स्वस्त पडो, त्याला परत पाठवा. अंगाने सडपातळ म्हणून पोरांना आत उतरवतात, ते तर कधीच करू नका.

धुण्याचे काम तसे सोपे आहे. गाळ काढला, भिंती ब्रशने घासल्या, साध्या पाण्याने धुतल्या. मग दहा लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम टीसीएल पावडर कालवून वरचे निवळलेले पाणी भिंतींना आणि तळाला लावले, अर्धा तास तसेच ठेवले, पुन्हा धुऊन ते पाणी फेकून दिले. पावडरचे पाणी लावतानाही पंखा चालूच, कारण बंद जागेत त्याचा वास छातीत बसतो. चिरेची डागडुजी गवंड्याकडून झाली. झाकणाभोवती विटांचा फूटभर उंच कठडा बांधला, ओव्हरफ्लोला बारीक जाळी बसवली, गच्चीवरचे झाकण नवे घेतले. मुंबईत डासांच्या भीतीने टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला शिडी ठेवणे सक्तीचे आहे, त्याची नोटीस यायची वाट पाहू नये.

आता रोजचे काम. टाकी धुतली की संपले, असे आम्हालाही वाटले होते.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन मुळातच असतो. म्हणून डोळे झाकून पावडर टाकायची नाही, आधी मोजायचे. काही शे रुपयांत थेंबांची बाटली आणि रंगाचा तक्ता मिळतो. गावाकडे ग्रामपंचायतीत क्लोरोस्कोप म्हणतात तो हाच प्रकार. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, सांगितलेले थेंब टाकायचे, पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. या पिवळ्या थेंबांचा रंग पहिल्या दहा सेकंदांतच वाचायचा. पुढे जो गडद होत जातो, त्यात तो वाया गेलेला क्लोरीनही मोजला जातो. तपासलेले पाणी मोरीत ओतायचे, पिण्याच्या भांड्यात परत टाकायचे नाही. थेंबांची बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाला मुक्त क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. कावीळ किंवा जुलाबाची साथ असेल, तर ०.५. आम्ही तीन ठिकाणी मोजतो: मीटरजवळ पाणी येते तिथे, गच्चीच्या टाकीतून निघते तिथे, आणि सगळ्यात लांबच्या घरात. सगळ्यात लांबचे म्हणजे वरच्या मजल्याचे असे आम्ही धरून चाललो होतो. पण पाणी गच्चीवरून खाली येते, त्यामुळे सगळ्यात लांब पडतो तळमजला. मीटरजवळ ०.५ आणि तळमजल्यावर शून्य, असे आले तर मधे कुठेतरी क्लोरीनचा पगार खर्च होतो आहे. म्हणजे टाकीत गाळ आहे, नाहीतर बाहेरचे काही आत येते आहे. अशा वेळी पावडर वाढवून आकडा सुधारू नका. आधी भोक शोधा.

मीटरजवळच क्लोरीन कमी येत असेल, तर तसे वॉर्डाच्या पाणी खात्याला लेखी कळवून पोच घ्यावी. तोपर्यंत आपण टीसीएल घालावी. हिशेब असा: टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने गुणा, लिटर मिळतात. आमची खालची टाकी ४ बाय ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे २४ हजार लिटर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे आम्हाला ६० ग्रॅम. सोनाराच्या काट्याची गरज नाही, किराणावाल्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. पावडर थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करायची, बादलीभर पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटे निवळू द्यायची. वरचे स्वच्छ पाणी टाकी भरत असताना सोडायचे, म्हणजे नीट मिसळते. खाली राहिलेला चुना टाकीत टाकायचा नाही. एक तास थांबून मग वर चढवायचे आणि पुन्हा मोजायचे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडून जातो. उघड्या गोणीतली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. म्हणून थोडी आणावी, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी.

आणि ती आम्लाजवळ कधीही ठेवू नये. संडास धुवायचे ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले, तर पिवळसर हिरवा विषारी वायू सुटतो. आमच्या पूलवाल्याच्या तलावावर दोन्ही डबे एकाच कपाटात होते, एका पावसात खालून पाणी शिरले आणि त्याला दोन दिवस खोकला लागला. तेव्हापासून दोन वेगळ्या खोल्या. आपल्या घरातही मोरी धुताना हे दोन्ही मिसळणाऱ्या बायका आहेत, जास्त स्वच्छ होते म्हणून. तसे करू नका.

क्लोरीनची मर्यादाही सांगितली पाहिजे. गढूळ पाण्यात तो मळावरच खर्च होतो आणि जंतू वाचतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतून सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरले. पाणी खात्याने क्लोरीन आणि तुरटी वाढवली. टायफॉइड वाढला नाही, पण २९ हजारांवर माणसांना कावीळ झाली. पुढे कित्येक वर्षांनी जपून ठेवलेले रक्त तपासल्यावर ती ई प्रकारासारखी, तोवर नाव नसलेली कावीळ असल्याचे दिसले. म्हणून पाणी गढूळ आले, तर नुसत्या पावडरीवर विसंबायचे नाही. फडक्याने गाळून, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळून प्यायचे. घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल, तर पावसाळाभर उकळलेलेच.

ज्यांची घरे अजून वस्तीतच आहेत आणि ज्यांच्याकडे टाकीऐवजी पिंप आहे, त्यांनाही हेच लागू आहे, फक्त माप लहान. दोनशे लिटरला अर्धा ग्रॅम पावडर, ती मोजता येत नाही. म्हणून आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रवाची बाटली घ्यावी आणि वर छापल्याप्रमाणे वापरावी. पिंपाला घट्ट झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, आणि आठवड्यातून एक दिवस पिंप पालथे घालून घासून कोरडे. पाइपावर थेट मोटर लावून पाणी ओढू नये. बाजूला फुटलेले गटार असेल, तर मोटर पाण्याबरोबर तेही ओढते, आणि ते फक्त आपल्याच घरात जात नाही.

आमच्या पंपखोलीच्या दारामागे आता एक वही दोरीने बांधलेली आहे. सकाळचे पाणी आले की एक जण तीन आकडे लिहितो. पाळी लावलेली आहे, मजल्याप्रमाणे. चौथ्या मजल्याची पाळी त्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतली आहे. त्यांना आकडे वाचता येतात, लिहिताना हात थरथरतो, म्हणून नात लिहिते. मागच्या महिन्यात त्यांनी तळमजल्याला शून्य वाचले आणि नातीला दोनदा थेंब टाकायला लावले. दोन्ही वेळा शून्य. आम्ही वर जाऊन पाहिले, तर केबलवाल्याने वायर ओढताना गच्चीवरचे झाकण सरकवून तसेच ठेवले होते आणि आत एक कबूतर मेलेले होते. त्याच दुपारी टाकी उपसली. त्या दिवशी दोन्ही वेळचे पाणी घराघरात उकळून प्यायले गेले, आणि गच्चीच्या टाकीच्या कुलपाची चावी आता मावशींच्या कमरेला असते.